तांबेसरांचा अ

आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये माणसं एकमेकांकडे बघत नाहीत. मोबाइलकडे बघतात, मोबाइल खिशात असला तर मजल्यांच्या आकड्यांकडे बघतात. शारजातली ही जुनी आणि सगळ्यांच्या सोयीची रीत आहे. पण सातव्या मजल्यावर लिफ्ट थांबली आणि तांबेसर आत आले की ही सोय संपते. दार मिटायच्या आत त्यांचा प्रश्न येतो, "तुमची भाषा कोणती?"

नाव नाही, गाव नाही, कुठल्या कंपनीत आहात हेही नाही. भाषा.

मला त्यांनी हे पहिल्यांदा विचारलं तेव्हा सकाळची वेळ होती आणि जबल अलीला जाणारी कंपनीची बस खाली उभी होती. मी घाईघाईत म्हणालो, "इंडियन."

"बकत," ते म्हणाले.

मला वाटलं, शिवी दिली. समोर एक बुटका, काळासावळा, पांढऱ्या केसांचा फिलिपिनो म्हातारा उभा होता, आणि शिवी देणाऱ्याच्या मानाने चेहरा फारच प्रेमळ होता.

"बकत म्हणजे 'तसं नव्हे'," त्यांनी खुलासा केला. "तुम्ही सांगितलीत ती पासपोर्टची भाषा. आईची कोणती?"

"हिंदी," मी म्हणालो.

आता इथे मला स्वतःबद्दल थोडं सांगायला हवं. मी आमच्या इथल्या मराठी मंडळाचा सचिव आहे. दर वर्षी भाषा दिनाला मी 'मराठी जगली पाहिजे' या विषयावर बोलतो आणि बोलताना माझा गळा दाटून येतो. तोच मी, आईची भाषा विचारल्यावर हिंदी म्हणालो. कारण इथे कोणाला मराठी सांगायचं म्हणजे आधी महाराष्ट्र सांगावा लागतो, मग मुंबई सांगावी लागते, मग समोरचा विचारतो की तुम्ही सिनेमावाल्यांना ओळखता का. एवढा वेळ सातव्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत मिळत नाही.

"बकत," तांबेसर पुन्हा म्हणाले. "काल तुम्ही याच लिफ्टमध्ये फोनवर कोणाला तरी रागावत होतात. ती हिंदी नव्हती. माणूस मनापासून रागावतो ते आईच्याच भाषेत."

"मराठी," मी कबूल केलं, शाळेत खिडकीची काच फोडल्याचं कबूल करावं तसं.

त्यांचं खरं नाव प्रोफेसर क्रिस्पीन तुंबागाहान. हे नाव आमच्या घरी एक दिवसही टिकलं नाही. माझी बायको वृषाली संध्याकाळी म्हणाली, "ते सातव्या मजल्यावरचे तांबे सर भेटले होते," आणि खलास, तेच कायम झालं. मला वाटलं, हे कळलं तर प्रोफेसर दुखावतील. म्हणून एकदा चहाला बोलावलं तेव्हा मी आधीच माफी मागून टाकली.

"तांबे म्हणजे काय?" त्यांनी विचारलं.

"तांबं. एक धातू. तांब्याची भांडी असतात ना, ती."

ते कप हातात धरून तसेच थांबले. मग म्हणाले, "आमच्याकडे त्या धातूला तुंबागा म्हणतात. तुमच्याकडूनच निघालेला शब्द आहे. मलय मुलखातून फिरत फिरत आमच्या बेटांवर पोचला. तुमच्या पत्नीने नाव बिघडवलेलं नाही. परत घरी आणलंय."

वृषाली त्या दिवसापासून भाषाशास्त्राच्या बाबतीत माझं काही ऐकून घेत नाही. आधीही घेत नव्हती.

आमचं सगळं बोलणं अर्थात इंग्रजीत चालायचं. इथे मी ते मराठीत देतोय, कारण मी आता सुधारलो आहे.

सरांची स्वतःची भाषा किनाराया. फिलिपाइन्समधल्या पनाय नावाच्या बेटावर ती बोलतात. नाव ऐकल्यावर मी माझं ज्ञान लगेच पाजळलं. म्हटलं, "म्हणजे किनाऱ्यावरची भाषा. आमच्याकडेही किनारा हाच शब्द आहे."

"बकत. बरोब्बर उलट. नदीच्या वरच्या अंगाची. डोंगरातल्या लोकांची. किनाऱ्यावरचे लोक दुसरी बोलतात आणि आम्हाला हसतात."

एकदा बरोबर आलं म्हणून दुसऱ्यांदा येत नाही, एवढं मी शिकलो.

त्यांच्या आयुष्याची हकिगत मला तुकड्यातुकड्यांनी कळली, बरीचशी लिफ्टमध्येच. लहानपणी शाळेत घरची भाषा बोललं की उन्हात उभं करायचे. "मी एवढा काळा आहे तो त्यामुळे," ते सांगायचे. "माझा भाऊ गोरा आहे. तो गप्प बसायचा." पुढे ते शिकले, विद्यापीठात प्रोफेसर झाले आणि किनारायात गोष्टी लिहायला लागले. पुस्तक छापायला कोणी तयार होईना, तेव्हा स्वतः छापलं आणि मासळी बाजारात बसून विकलं. कोळणींनी घेतलं, वाचलं आणि मग त्यात मासेही बांधून दिले. सरांना त्याचं वाईट वाटलं नाही. "दुसरी आवृत्ती काढावी लागली ना," ते म्हणायचे.

विद्यापीठात एकदा त्यांनी रजेचा अर्ज किनारायात लिहिला. ऑफिसने परत पाठवला. सरांनी पुन्हा किनारायातच लिहून पाठवला, या वेळी जास्त सविस्तर. असा तो अर्ज इकडून तिकडे फिरत राहिला. शेवटी रजा मंजूर झाली तेव्हा ज्या लग्नासाठी ती हवी होती त्या जोडप्याला मूल झालं होतं. "पण मंजुरी किनारायात आली," सर म्हणाले. "मी बारशाला गेलो."

लहान मुलांना पहिले काही वर्ग तरी घरच्या भाषेत शिकवा, यासाठी त्यांनी अर्धं आयुष्य घालवलं. सभा घेतल्या, मोर्चे काढले, शिक्षण खात्याच्या फाटकाबाहेर उभं राहून पहारेकऱ्यांना गोष्टी वाचून दाखवल्या. पहारेकरी लगेच त्यांच्या बाजूचे झाले. सरकारला जास्त वेळ लागला. अखेर सरकारनेही मानलं, पुस्तकं निघाली, वर्ग सुरू झाले. मग काही वर्षांनी सरकारचा विचार बदलला. "जिंकलो तेव्हा माझा सत्कार कोणी केला नाही," ते म्हणायचे. "हरल्यावर केला."

त्यानंतर त्यांची पत्नी डोलोरेस गेली. मुलगी मारिवीक इथे शारजात नर्स आहे. तिने वडिलांना आपल्याकडे आणलं. रिकामं बसवेना म्हणून सर एका खासगी संस्थेत मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायला लागले. "आयुष्यभर जिच्याशी भांडलो, म्हातारपणी तिच्याच घरी जेवतोय," हे वाक्य ते स्वतःच म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. मारिवीक इंग्रजी आणि टागालोग बोलते. किनाराया तिला कळते म्हणजे जेवणाचे पदार्थ कळतात आणि शिव्या कळतात.

हे आमच्या घरी चहा घेताना ऐकून मी सहानुभूतीने मान हलवत होतो, तेवढ्यात माझी मुलगी अन्वी बाहेरच्या खोलीत आली. मी म्हटलं, "अन्वी, सरांना पाणी आण बेटा." ती अमेरिकन उच्चारात म्हणाली, "गिव्ह मी टू मिनिट्स, बाबा." सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मोबाइलकडे पाहिलं.

मग सर माझ्याकडे देवनागरी शिकायला यायला लागले. त्याला कारण होता अ. किनारायात एक स्वर आहे, आपल्या अ सारखा. तो रोमन लिपीत लिहायला अक्षरच नाही. कोणी त्याच्यासाठी यू लिहितं, कोणी ई, आणि कोणी ईच्या डोक्यावर दोन टिंबं देतं. यावरून त्यांच्या लेखकांत दोन तट पडले होते आणि टिंबवाले बिनटिंबवाल्यांच्या घरी लग्नाला जात नव्हते. टिंबावरून भांडणारी माणसं जगात आणखीही कुठे आहेत हे ऐकून मला फार आपलेपणा वाटला.

मी कागदावर 'बकत' लिहून दाखवलं.

"यात तो स्वर कुठे आहे?" सरांनी विचारलं.

"ब मध्येच आहे. क मध्येही आहे. वेगळा लिहावा लागत नाही."

"म्हणजे फुकट?"

"फुकट."

सर खुर्चीत मागे टेकले. "आम्ही त्याच्यासाठी भांडून मित्र गमावले," ते म्हणाले, "आणि तुम्ही लोक तो प्रत्येक अक्षराबरोबर फुकट वाटता."

ङ पाहिल्यावर तर त्यांना राहवेना. आपल्याकडे ङ पाहुण्यांच्या खोलीसारखा असतो. आहे हे सगळ्यांना माहीत, राहत कोणी नाही. एक 'वाङ्मय' सोडलं तर त्याला काम नाही. सरांच्या भाषेत शब्दच्या शब्द ङ ने सुरू होतात. नावाला ते ङारान म्हणतात. त्यांनी ङ गिरवून गिरवून पान भरलं. आपल्या वर्णमालेत या अक्षराची एवढी वास्तपुस्त कोणी केली असेल असं मला वाटत नाही.

गुरू म्हणून माझी अब्रू गेली ती ज मुळे. सरांनी विचारलं, "तुम्ही 'हे जग' म्हणता आणि 'तू जग' म्हणता. दोन्ही सारखंच लिहिता. पण म्हणताना ज वेगळा आहे."

मी दोन्ही म्हणून पाहिलं. वेगळा होता. पन्नाशी जवळ आली, इतकी भाषणं केली, पण हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"कुठे कोणता, हे कसं ओळखायचं?"

"कळतं."

"कसं?"

"आपोआप."

"छान," सर म्हणाले. "हे असं शिकवणारा एक सहकारी माझ्या विद्यापीठात होता. त्याला पुढे डीन केलं."

या सगळ्यात त्यांचा एक उद्योग चालूच असायचा: किनाराया बोलणारा माणूस शोधणे. इथे फिलिपिनो काय थोडे आहेत? सुपरमार्केटच्या काउंटरवर, सलूनमध्ये, दवाखान्यात, सगळीकडे. सर प्रत्येकाला विचारायचे. बहुतेक जण दुसऱ्या बेटांचे निघायचे. खोर फक्कानला बंदरावर एक जण आहे असं कळलं, म्हणून बसने एवढा डोंगर ओलांडून गेले, तर तो नुकताच कायमचा घरी परतला होता. मला म्हणाले, "समुद्र मात्र छान आहे तिथला."

मग मीच पुढाकार घेतला. आमच्या जबल अलीच्या वेअरहाउसमध्ये फर्नांदो नावाचा सुपरवायझर पनाय बेटाचा आहे असं मला समजलं. मी सरांना सुट्टीच्या दिवशी गाडीने घेऊन गेलो. वाटेत त्यांनी दोनदा कंगवा काढून केस विंचरले. फर्नांदो भेटला, दोघं बोलायला लागले, हसले, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवले. मी लांब उभा राहून आपण घडवलेलं पुण्य बघत होतो.

परत येताना मी विचारलं, "जमलं ना?"

"भला माणूस आहे," सर म्हणाले. "पण किनाऱ्यावरचा. त्याचं मला कळतं, माझं त्याला कळतं." बराच रस्ता गेल्यावर म्हणाले, "अ नाही त्याच्याकडे."

म्हणजे घाटावरचा माणूस शोधायला नेलं आणि कोकणातला गाठून दिला, असा माझा पराक्रम.

भाषा दिनाचा कार्यक्रम जवळ आला आणि पुण्याहून येणाऱ्या आमच्या प्रमुख पाहुण्यांनी ऐन वेळी घसा बसल्याचं कळवलं. हॉल बुक झालेला, जेवण सांगितलेलं. कमिटीच्या मीटिंगमध्ये सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण पाहुणा मी ठरवला होता. मी म्हणालो, "आमच्या बिल्डिंगमध्ये एक प्रोफेसर आहेत. लेखक आहेत. भाषेसाठी आयुष्य वेचलंय."

"कुठले?" अध्यक्ष काणेकरांनी विचारलं. मंडळात काणेकरांच्या शब्दाला मान आहे, कारण मसाल्याचा धंदा त्यांचा आहे आणि जेवण तेच देतात.

"फिलिपाइन्सचे."

"अहो सचिव, आपला मराठीचा कार्यक्रम आहे."

"मग तुम्ही बोलता का?"

काणेकर म्हणाले, "चालेल, फिलिपिनो चालेल."

त्या दिवशी सर पांढरा, भरतकाम केलेला, पातळ सदरा घालून आले. त्यांच्याकडचा तो सणासुदीचा पोशाख. आम्ही शाल दिली, श्रीफळ दिलं. नारळ हातात घेऊन ते कुजबुजले, "माझ्या गावात नारळ दिला तर लोक विचारतील, कोणाच्या झाडाचा पडला?" मग माइकसमोर उभे राहिले आणि स्वच्छ मराठीत म्हणाले, "या जगात जगायला माणसाला स्वतःची भाषा लागते."

दोन्ही ज आपापल्या जागी. हॉलने टाळ्या वाजवल्या. काणेकरांनी माझ्याकडे बघून मान डोलावली, जणू कल्पना त्यांची होती.

पुढे थोडं इंग्रजीत बोलून सर म्हणाले, "आता मी माझ्या भाषेत माझी एक गोष्ट सांगतो. भाषांतर करणार नाही. तुम्ही फक्त ऐका." आणि सुरू झाले.

लोक फार चांगले वागले. कोणी उठलं नाही, कोणी मोबाइल काढला नाही. मी पहिल्या रांगेत हात जोडल्यासारखे धरून बसलो होतो. सर मधे मधे थांबत, आमच्याकडे बघत. आम्ही आणखी गंभीर होत होतो. एका थांब्याला काणेकरांनी डोळे मिटले. गोष्ट संपली आणि सगळे उभे राहिले. कोणाची तरी व्हिजिटवर आलेली आई मला म्हणाली, "मला सगळं कळलं हो. सुनेबद्दल बोलत होते."

घरी येताना गाडीत मी म्हणालो, "सर, लोकांना फार भिडलं. कशावर होती गोष्ट?"

"विनोदी होती," सर म्हणाले.

मी गाडी चालवत राहिलो.

"एक म्हातारा रोज संध्याकाळी जाहीर करतो की मी उद्या मरणार. आणि म्हातारी रोज विचारते, मग उद्या भात किती लोकांचा टाकू? गावात कोणीही सांगितली की लोक लोळतात." ते खिडकीबाहेर बघत होते. "तुमचे लोक फार सभ्य आहेत."

वृषालीने सगळं भाषण मोबाइलवर घेतलं होतं. सरांनी ते मागितलं, तिने पाठवून दिलं.

नंतरच्या शनिवारी, दुपारच्या जेवणाआधी, वृषालीने थालीपिठं केली आणि सरांसाठी ताटली देऊन मला खाली सातव्या मजल्यावर पिटाळलं. दारातच मारिवीक भेटली, ड्यूटीला निघाली होती. "आत आहेत," ती म्हणाली, "जा ना," आणि लिफ्टकडे पळाली.

आतून दोन माणसांचं बोलणं ऐकू येत होतं. किनाराया होती, एवढं मला आता ओळखू येतं. मनात म्हटलं, सापडला. शेवटी सरांना त्यांचा माणूस सापडला, आणि नेमका माझ्या मदतीशिवाय. मी थोडा खट्टू होऊनच आत गेलो.

सर एकटेच होते. टेबलावर साखरेच्या बरणीला मोबाइल टेकवून ठेवला होता. मोबाइलमध्ये तेच होते, पांढरा सदरा, गळ्यात आमची शाल. मोबाइलमधले सर गोष्ट सांगत होते. थांबले. आमचा हॉल गप्प होता, कोणीतरी खोकलं. आणि त्या थांब्यात टेबलापाशी बसलेले सर हसले. मोठ्याने नाही; हॉलमध्ये बसलेला एखादा श्रोता हसेल तितकंच. मग मोबाइलमधल्या सरांनी काही विचारलं आणि या सरांनी त्यांना उत्तर दिलं.

मी ताटली धरून उभा होतो. भाषा या विषयावर मी सांगाल तितका वेळ बोलू शकतो. तेव्हा मी नुसती ताटली टेबलावर ठेवली.

त्यांनी मला पाहिलं. लाजले नाहीत. समोरची खुर्ची दाखवली. "हा माणूस बरा सांगतो," ते म्हणाले. "श्रोते जरा गार आहेत."

"मी होतो त्यात," मी म्हणालो.

"माहीत आहे. सगळ्यात गंभीर तुम्हीच दिसता."

"मारिवीकला ऐकवलंत?"

"हो. छान आहे म्हणाली." त्यांनी बरणी सरळ केली. "इंग्रजीत म्हणाली."

मी हात पुढे करून मोबाइल बंद केला. म्हटलं, "मला सांगा. पहिल्यापासून."

"तुम्हाला कळणार नाही."

"आमच्याकडे गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार लागतो," मी म्हणालो. "कोणीतरी समोर बसून 'हं' म्हणायचं. कळलंच पाहिजे असं नाही. लहानपणी अर्धवट झोपेतसुद्धा द्यायचो आम्ही."

हुंकार हा शब्द त्यांनी दोनदा म्हणून पाहिला. मग सांगायला लागले.

मोबाइलमध्ये सांगत होते त्यापेक्षा हे वेगळं होतं. आवाज खाली आला, हात टेबलावरून उठून फिरायला लागले. म्हातारा मान टाकून बसला, म्हातारीने कमरेवर हात ठेवले. मी हं म्हणत होतो. ते थांबायच्या आधी माझ्याकडे बघायचे, मी हं म्हटलं की पुढे जायचे. या वेळी मी ठरवलं होतं की चुकायचं नाही. मधे एकदा ते थांबले, भुवया वर गेल्या, आणि मी मनापासून हसलो.

त्यांनी बोट वर केलं. "अजून नाही. पुढे आहे ते."

"सॉरी, सर."

पण पुढे काही त्यांनी सांगितलं नाही. बोट हळूहळू खाली आलं. ते थालीपिठाकडे बघत राहिले.

"डोलोरेससुद्धा आधीच हसायची," ते म्हणाले. "प्रत्येक गोष्ट मी पहिल्यांदा तिला सांगायचो. रोज थोडी थोडी, बदलत बदलत. मी म्हणायचो, थांब, अजून आलं नाही. ती म्हणायची, येणार आहे ते मला दिसतंय ना." मग म्हणाले, "रागवायचो मी. लिहिणाऱ्या माणसाला ते बरं वाटत नाही."

मी नुसतं हं म्हणालो.

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, परत घातला, खुर्ची पुढे ओढली. आणि गोष्ट जिथे सोडली होती तिथून नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.